तांबडीची रिकामी जागा

विषारी पिवळं गवत कुरणातून उपटायचं आणि लगेच जाळायचं, हा आत्याचा नियम होता. हिरवं असताना ते कडू लागतं, म्हणून गुरं तोंड लावत नाहीत. वाळलं की कडूपणा जातो, विष तेवढं राहतं. धाकटीने सगळं उपटलं, पण जाळायचा आला कंटाळा! ढीग कुंपणाशी तसाच राहिला.

तांबडी गाय काल गेली.

आज भर दुपारी धाकटी गोठा झाडत होती, तर तांबडीच्या रिकाम्या जागेवरून रवंथ केल्याचा आवाज आला. कचर, कचर, मग एक सुस्कारा. बाकीच्या गाई तोंड मिटून तिकडेच बघत होत्या.

ती धूम पळत स्वयंपाकघरात आली. आवाजही आला, अगदी पाठीशी.

आत्या म्हाताऱ्या गुराख्याला फैलावर घेत होती. "डोळे काय गहाण ठेवले होते? कुठे चारलंस तिला? उद्यापासून येऊ नकोस!"

"लेकीसारखी जपली हो ताई," तो मान खाली घालून म्हणाला.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कचर, कचर आता थेट कानाशी.

"धाकटे, ते गवत तू जाळलं होतंस ना गं?"

खरं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण बाहेर पडलं ते, "हो, आत्या."

आवाज थांबला.

गुराख्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. धाकटीचा जबडा, तोंडात काही नसताना, संथपणे आडवा हलू लागला होता.