आदी ग्रामस्थ

फौजदार मॅडमनी पेपरचं कात्रण नाथाजीपुढं सरकवलं. कात्रण त्याचंच. दोन-तीन महिने खिशात जपून भेटेल त्याला दाखवत होता. आज मात्र हात लावायला धजेना.

कॅनॉलच्या पाण्यासाठी गावानं रास्ता रोको केला, तेव्हा यानंच बातमीदाराला गाठलं होतं. बातमीच्या शेवटी 'यावेळी अमुक, तमुक उपस्थित होते' असतं ना, त्यात नाव यायला पाहिजे म्हणून. एका घरातलं एकच घेतो, बातमीदार म्हणाला. मग स्वतःचं कशाला? पोराचं येऊ दे, भरतीची तयारी करतोय, चारचौघांत नाव होईल. वीरधवल त्या वेळी रहिमतपूरच्या मैदानावर धावत होता, पण एवढं कोण बघतंय!

पेपरात छापून आलं, 'जनसागर उसळला'. पण त्या गर्दीत एसटीची काच फुटली होती. पोलिसांच्या कागदावर त्याच माणसांचा बेकायदा जमाव झाला. आरोपी शोधायला कुणाला उन्हात हिंडावं लागलं नाही. बातमीच्या शेवटी नावं ओळीनं छापलेलीच होती.

आणि आता वीरधवल सैन्यभरतीत पास झाला होता. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद याच टेबलावर येऊन पडला होता.

"त्यो नव्हताच वो तितं, मॅडम. नाव म्याच दिलं."

"खोटं?"

"व्हय."

यादीतलं एक खोटं, तर खरी कुठली तेवढी सांगा, मॅडम म्हणाल्या. नाथाजीपुढं एकेक चेहरा आला. तानाजी. भामाबाईचा नातू. बांधाला बांध असलेला पायगोंडा. सगळी आपलीच माणसं. मग त्यानं कात्रणाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं : 'आदी ग्रामस्थ उपस्थित होते.'

"ह्ये आदी हाय न्हवं, त्यातला म्या. पोराच्या जागी मला घ्या."

मॅडमनी त्याचं पूर्ण नाव विचारलं, वय विचारलं, सावकाश लिहून घेतलं. नाथाजीला हायसं वाटलं. त्यानं वाकून कागदात बघितलं. वीरधवलचं नाव होतं तिथंच होतं. त्याच्याखाली याचं.

"पोराचं खोडायचं ऱ्हायलं, मॅडम."

"खोडायचं काम कोर्टाचं, काका. आमच्याकडं नुसती वाढतात." त्यांनी पान उलटलं. "बोला, बाकीचे आदी कोण?"