खाऱ्या पाण्याचे डाग

"ये क्या, गाडी को फिर चेचक निकली?" निजामपुऱ्याच्या शेठने बोनेटवर बोट फिरवले आणि ते रुमालाला पुसले.

लडकूची मान खाली गेली. काळ्या अँबॅसिडरवर पुन्हा पांढरे ठिपके उठले होते. बोनेटवर, टपावर, चारी दारांवर. काल दुपारी तो घरी गेला, तेव्हा याच टपात त्याला स्वतःचा चेहरा दिसला होता.

"शादी की गाडी है, लडकूभाई. मेरी बेटी इसमें बिदा होगी. अगले इतवार को आता हूँ, बस आखरी बार." शेठ निघाला, पण दिंडी-दरवाजापाशी थांबून हळूच म्हणाला, "और गाडी के साथ तुम भी आ जाना. मुझे ड्रायव्हर चाहिए."

नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून तर शेठ या गाडीसाठी परत परत येत होता.

"लडकूदादा, माझी दर रविवारची फेरी फुकट चाललीय," रामदास वैतागून म्हणाला. गाडी त्याच्या वडिलांची, आणि लडकू त्यांचा जुना ड्रायव्हर. ते गेल्यापासून ती अंगणात उभी होती. रामदास मुंबईला नोकरीला होता आणि गाडीचा व्यवहार उरकायला तेवढा भिवंडीला येत होता.

आतून त्याच्या आईने, राहीबाईने हाक दिली, "रामदास, बोंबील ताजे हायेत. भाकरी टाकू ना?"

"टाक," रामदास म्हणाला आणि घड्याळ बघत आत गेला.

लडकू गाडीत जाऊन बसला. स्टिअरिंगवर हात ठेवला. उभ्या गाडीत बसणे त्याला सोसत नसे. झोपेतही त्याचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा हलायचा. भिवंडीहून वाड्याला जाणारा रस्ता, अंबाडीचा नाका, दोन्ही अंगांची भाताची खाचरे, हे सारे त्याला पुन्हा एकदा समोरच्या काचेतून बघायचे होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या हाती कोण गाडी देणार? शेठ देत होता. मध्ये फक्त हे डाग होते.

शनिवारी सकाळी त्याने सिरक्यात पाणी मिसळले. मऊ फडके भिजवून एकेका डागावर धरले. डाग विरघळला की नगरपालिकेच्या नळाचे गोडे पाणी टाकून लगेच कोरडे पुसले. राहीबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"हे डाग येतात तरी कशानं रं, लडकू?" दर शनिवारी ती हेच विचारी, आणि लडकूही दर शनिवारी न कंटाळता सांगे.

"आपल्या विहिरीचं पानी खारं, वयनी. त्यात डाळसुद्धा शिजत न्हाय. ते गाडीवर पडलं, की ऊन पानी पिऊन टाकतं आन् खार मागं ठेवतं. खार रंगाला धरून बसतो. म्हनून उन्हात गाडी वली ठेवायची न्हाय."

राहीबाई शाळकरी मुलीसारखी मान डोलवी.

त्या दुपारी लडकू घराकडे निघाला. नाक्यावर आल्यावर कळले, गाडीची किल्ली खिशातच राहिली होती. तो उलटपावली फिरला. दिंडीतून आत पाऊल टाकले आणि तिथेच थांबला.

पदर खोचून राहीबाई गाडीभोवती फिरत होती. एका हातात विहिरीच्या पाण्याची बादली. दुसऱ्या हाताने ती अंगणात सडा घालावा तशी काळ्या टपावर पाणी शिंपडत होती.

"वयनी!"

ती दचकली नाही. बादली खाली ठेवून तिने हात पदराला पुसले.

"पाह्यलंस? बरं झालं. मनाबी ओझंच झालं व्हतं."

"पन कशापायी?"

"गाडी विकायला काढायच्या आधी रामदास कवा येत व्हता, सांग. गणपतीला. दीड दिवस, की पळाला. आता दर रविवारी येतो. माझ्या हातचं मागून खातो. दुपारी आडवा होतो, घोरतो." ती किंचित हसली. "बापासारखाच घोरतो. गाडी गेली, की कशाला येल तो?"

लडकूने खिशातून किल्ली काढली.

"शेठ तुला नेणार हाय, ते ऐकलंय मी. तुझ्या पोटावर पाय देतेय, कळतंय मना. सांग तू रामदासला. मी रागावणार न्हाय."

लडकूने किल्ली खुंटीला अडकवली आणि तो निघून गेला.

रविवारी शेठ आला तो थेट गाडीपाशी गेला. ठिपके होतेच. रामदासने कपाळावर हात मारला.

"लडकूभाई," शेठ म्हणाला, "तुम पुराने आदमी हो. सच बताओ, ये दाग निकलेगा कि नहीं? निकलता है तो मैं यहीं बैठता हूँ. आज ही ले जाऊँगा. तुमको भी."

सिरक्याची बाटली गाडीच्या चाकाशी होती. तासाभराचे काम होते. लडकूने दाराकडे पाहिले. राहीबाई उंबऱ्यावर उभी होती, पिठाने माखलेले हात तसेच धरून.

"न्हाय शेठ," लडकू म्हणाला. "रंग में अंदर तक गया है. अब नहीं निकलेगा."

शेठने एक सुस्कारा टाकला आणि तो गेला. चपलांचा आवाज गल्लीत विरेपर्यंत लडकू दिंडीकडे बघत राहिला.

"संपलं!" रामदास चिडून म्हणाला. "आता काय करायचं हिचं?"

"दुसरं गिऱ्हाईक बघायचं, भाऊ. रविवारीच बोलवायचं. आन् तुमी सोता यायचं," लडकू म्हणाला. "माझ्यावर सोडू नका. तीस वर्सं गाडी चालवली, पन मना गाडी नीट राखता येत न्हाय."