लाल दोरी

फोटो मोठ्या पडद्यावर झळकला आणि ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

जेवणाची सुट्टी होती. सगळे ताटल्या हातात घेऊन उभे होते, आणि वर संगणकतज्ज्ञांच्या परिषदेचे सकाळचे फोटो एकामागून एक सरकत होते. त्यातल्या एकात एक बाई पाठमोरी उभी होती. मानेवर बिल्ल्याची लाल दोरी स्वच्छ दिसत होती.

परिषद भरवणारी ताई धावतच मंचामागच्या खोलीत शिरली. "चाळणी, तो काढ. आधी तो काढ."

"काढला," चाळणी म्हणाला. ती बोलायच्या आधीच पुढचा फोटो आला होता.

चाळणी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. या परिषदेत स्वयंसेवकांच्या बिल्ल्यावर टोपणनावच लिहायची पद्धत होती. एरवी ऑफिसात संगणकासमोर मान मोडून काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी इथे फुकट राबायचं, तर निदान नावाची तरी गंमत हवी. छायाचित्रकारांनी काढलेला प्रत्येक फोटो आधी याच्याकडे यायचा. हिरव्या दोरीवाले चालायचे. लाल दोरीवाले, म्हणजे ज्यांना आपला फोटो कुठेही यायला नको असायचा ते, यानं वेचायचे आणि पुसून टाकायचे.

काम महाकंटाळवाणं. पाहुण्या वक्त्यांना विमानतळावरून आणायला सतरा जण तयार असत, या कामाला मात्र कुणी हात वर करत नसे. चाळणी ते मागून घ्यायचा. दुसऱ्या शहरांतल्या परिषदांनाही पदरमोड करून जायचा आणि तिथेही हेच करायचा. एक व्याख्यान धड ऐकायचा नाही. डोळ्यांत तेल घालून चेहरे बघत बसायचा. स्वयंसेवकांचा गटफोटो निघाला की "मी काढतो" म्हणून कॅमेऱ्यामागे उभा राहायचा. असा माणूस मिळाला म्हणून ताई सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

"तुझ्या हातून आजवर एक सुटला नाही," ती आता म्हणाली. "हाच कसा गेला रे?"

"पाठमोरी होती." त्यानं तळहात पँटला पुसले. "चेहरा दिसत नव्हता."

ताईचा फोन वाजला. मेसेज वाचून ती खुर्चीत बसली. "विश्रांतीच्या खोलीत जाऊन बसलीय ती, आतून कडी लावून. मला आत्ताच्या आत्ता जायचंय म्हणते."

"कुणाला घाबरते?"

"आपण विचारत नाही ना. लाल दोरी घेतली की कारण विचारायचं नाही, नियमच आहे आपला." ताईनं फोन मांडीवर ठेवला. "एवढंच म्हणाली की तो कुठेही पोहोचतो. नाव बदललं, नोकरी बदलली, गाव सोडलं. घरातूनच काम करते, माणसांत येतच नाही. मीच तिच्या मागे लागले. म्हटलं, ये गं, आमच्याकडे कुणी तुझ्या केसाला धक्का लावणार नाही. आणि आता तिला काही झालं तर मी तोंड कुठे लपवू?"

चाळणीला तहान लागली होती, पण पाण्याची बाटली जागची हलवावीशी वाटेना.

दारातून कुणीतरी डोकं घातलं. "ताई, वक्ते माईक लावून बसलेत. ओळख तुम्ही करून देणार ना?"

"आले." डोकं गेल्यावर ती उठली. "मी मंचावर दिसले नाही तर बोभाटा होईल. तू जा. मागच्या दारानं तिला बाहेर काढ. आणखी कुणाला तिचा चेहरा दाखवायला नको. तुझ्या डोळ्यांखालून सगळेच लाल दोरीवाले जातात, तुला ती एक काही जड नाही."

"माझी गाडी मागेच लावलीय," तो म्हणाला. "हवं तिथे सोडतो."

"देव पावला. मी तिला मेसेज टाकते, चाळणी येतोय म्हणून."

"मी बोलणार नाही, नुसतं दार वाजवीन. कुणी ऐकायला नको."

"तेच बरं. आणि हे बघ, हाताला धरू नकोस तिच्या, दचकते. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, सारखी बाही ओढत असते." ताईनं डोळे टिपले, ओढणी सारखी केली. "तुझ्यासारखा माणूस घरात असावा. वहिनींना आण की एकदा, नेहमी एकटाच येतोस."

"आता आणीन," चाळणी म्हणाला.

मागचा बोळ रिकामा होता. भिंतीला लावून घडीच्या खुर्च्या रचल्या होत्या, कोपऱ्यात टी-शर्टांची खोकी पडली होती. विश्रांतीच्या खोलीपाशी चाळणी थांबला, बिल्ला नीट पुढे केला आणि दारावर हलकेच टकटक केली.

आत फोन वाजल्याचा आवाज झाला. मग कडी सरकली.

खांद्याला पिशवी लावून ती तयारच उभी होती. केस अगदी आखूड कापलेले, चष्मा नवा. तिनं आधी बिल्ल्यावरचं नाव वाचलं. तिचा जीव भांड्यात पडला, ती थोडीशी हसलीदेखील. मग तिनं मान वर केली.

ती एक पाऊल मागे सरकली. हॉलमध्ये ताई वक्त्यांची ओळख करून देत होती, आणि टाळ्यांचा कडकडाट पार बोळापर्यंत येत होता.

त्यानं तिचं डावं मनगट धरलं, बाही वर सारली आणि डाग निरखून पाहिला. इस्त्री त्या दिवशी एवढी तापलेली नव्हतीच, असं त्याला अजूनही वाटत होतं.