ड्रायव्हरची सीट

"चेन उघडा आधी! ओढू नका, कव्हर फाटेल!" शेवंताबाई कारच्या दारातून ओरडल्या.

गजाभाऊंनी चेन उघडून सीटच्या पाठीचं कव्हर सशाच्या कातडीसारखं सोललं. डॉक्टरांनी नजरेपायी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा शेवंताबाईंनी साठीत लायसन्स काढलं. पण तीस वर्षं गजाभाऊंनीच दाबून दाबून सीटला असा खड्डा पाडलेला, की त्यात एकदा मांजर व्याली अन् पिल्लं मोठी होऊन सासरी गेली, तरी कुणाला पत्ता नाही! तिथं बसलं की शेवंताबाईंना काचेतून नुसतं आभाळ दिसायचं.

खालची गादीही निघाली. आतला भुगा झालेला फोम गजाभाऊ नुसतेच कुरवाळत बसले.

"अहो, जागा सोडवत नसेल तर तसं सांगा. विकून टाकू गाडी."

गजाभाऊ उठून घरात गेले. शेवंताबाईंना वाटलं, बोलायला नको होतं.

ते परतले ते स्वतःच्या पाठदुखीची फोमची गादी कापूनच. नातवंडांनाही तिला हात लावू देत नसत! त्यांनी दोन थर घातले. शेवंताबाई बसल्या, तर डोकं थेट टपाला.

"अहो, गाडी चालवायचीय मला, अंबारीतून मिरवायचं नाही!"

एक थर काढला. आता पार नाक्यापर्यंतचा रस्ता दिसला.

गजाभाऊ वळसा घालून डावीकडे गेले. स्वतःच्याच गाडीच्या काचेवर त्यांनी बोटानं हळूच टकटक केली.

"बसू का?"