पलंगाशेजारची पाटी

"मला एक स्टूल लागेल," खोलीत शिरताच लिओटा आरेन्स म्हणाली.

पडदे सारखे करायचे असतील, असं समजून ट्रेंटने स्टूल आणून दिलं. टेक्ससमधलं गुरांचं हे रँच आता सरकारी स्मारक होतं आणि ट्रेंट त्याचा व्यवस्थापक. दिवंगत राष्ट्राध्यक्षांची झोपायची खोली सोमवारी लोकांसाठी उघडणार होती. ते गेले त्या दुपारी जी वस्तू जिथे होती तिथेच ती हवी, असा नियम. ते सांगू शकेल अशी एकच व्यक्ती हयात होती. त्यांच्या घरात बावीस वर्षं काम केलेली लिओटा.

तिची अट एकच होती. पलंगाशेजारची पाटी बदलायची. तिच्यावर लिहिलं होतं : 'राष्ट्राध्यक्षांनी मदतीसाठी घंटा वाजवूनही मुकादम एमिल आरेन्स वीस मिनिटं उशिरा पोचला.'

"मिस लिओटा, पुरावा असेल तर आजच बदलतो," ट्रेंट म्हणाला.

"चर्चमध्ये माझ्या नवऱ्याच्या शेजारी तो मरेपर्यंत कुणी बसलं नाही, पोरा. गायी कुंपणाबाहेर गेल्या होत्या, त्यांच्यामागे होता तो."

ती कामाला लागली. काठी दाराकडून खिडकीशी नेली. चष्मा उशीवर ठेवला. खुर्ची भिंतीकडे वळवली.

"भिंतीकडे?"

"शेवटी शेवटी त्यांना खिडकीबाहेरची गुरं बघवत नव्हती."

ट्रेंट भराभरा लिहून घेत होता. टेबलावर काचेखाली लिओटाला लिहिलेलं एक पत्र होतं, राष्ट्राध्यक्षांच्या हातचं. 'तुमचा मुलगा लॉनी देशासाठी लढता लढता गेला.'

"लोक इथे रडतील बघा," ट्रेंट म्हणाला.

"अक्षर चांगलं होतं त्यांचं." लिओटाने काचेवरची धूळ बाहीने पुसली. "लॉनीला लढाईवर धाडणार नाही, असा शब्द दिला होता मला. याच खोलीत."

ट्रेंटने यादी पुढे केली. "एवढंच राहिलं. हृदयाच्या गोळ्या. त्या दिवशीच्या फोटोत उशाशी दिसतात."

"फोटो डॉक्टर आल्यानंतरचा आहे."

तिने उशाजवळची बाटली उचलली. स्टूल कपाटाला लावलं. एका हाताने कपाट धरून ती सावकाश वर चढली आणि कपाटावरच्या हॅटच्या खोक्यामागे बाटली सरकवली.

ट्रेंट हसला. "तिथे? पलंगावरून साहेबांचा हात तिथे कसा पोचणार?"

"नाही पोचला," लिओटा खाली उतरत म्हणाली. "मी दारातच उभी होते. एमिलचं नाव खोड, माझं घाल."