गाडीला पाजलेलं तीर्थ

वैजनाथनं रेवणप्पांच्या गाडीला स्कॅनर लावला. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांच्या मॉड्यूलनी ओ दिली. एअरबॅगचं तेवढं मुकं. त्यानं गिअरजवळचं कार्पेट उचललं तसा आंबलेल्या दुधाचा वास आला. मॉड्यूलच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. "आप्पा, इथं दूध सांडलं का?" "सांडतंय कशाला? दर सोमवारी अभिषेकाचं तीर्थ गाडीला पाजतो," रेवणप्पा हसले. "गाडी धडकली तर एअरबॅग उघडायची न्हाई." त्यांचं हसू मावळलं. "आमच्या लेकीच्या, शिवानीच्या गाडीलाबी पाजतो की. तिथं मीटरवर एअरबॅगचा तांबडा दिवा लागला हुता, पोरीनं त्यावर टिकली चिकटवली." "ताई कुठं हायत?" "सकाळीच नांदेडला निघाली." वैजनाथनं हात पुसले आणि बोनेटवरचा त्यांचा फोन पुढे केला. रेवणप्पांनी शिवानीला लावला. रिंग बराच वेळ गेली, मग पलीकडून अनोळखी आवाज आला. रेवणप्पांनी विचारलं, "तुमी कोण बोलताय?"