हात न लावलेली गिटार

कुमारनं बाजेवरच्या गोधडीतून गिटार उचलली आणि उजेडाला धरली. व्यंकटराव समोरच्या खुर्चीत ताठ बसले होते, मुलगी दाखवायला बसलेल्या बापासारखे.

गिटार जपानी, एकाहत्तर सालची, विजेवर चालणारी. गायन पार्टीत असताना व्यंकटरावांनी ती भूम-परांड्याच्या गावोगावी वाजवली होती. आता ती विकून बायकोला, मथुराबाईंना, फ्रीज घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मथुराबाईंना विचारायचं तेवढं राहून गेलं. ते नेहमीच राहून जायचं.

कुमार सोलापूरहून आला होता. जुनी वाद्यं विकत घ्यायची आणि शौकिनांना विकायची, हा त्याचा धंदा. फोटो बघून त्यानं फोनवरच पन्नास हजारांपर्यंत जाऊ असं सांगितलं होतं. अट एकच, वस्तू जुनी असावी, पण झिजलेली नको. व्यंकटरावांनी छातीठोकपणे कळवलं होतं की बोटं आखडली तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, त्यांनी तिला हात लावलेला नाही.

कुमारनं रंग पाहिला, खुंट्या पाहिल्या, मागचे स्क्रूसुद्धा पाहिले. सगळं मूळचं होतं आणि तो खुशीत दिसत होता. मग गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवरून त्यानं अंगठा फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला.

“काका, पट्ट्या घासून सपाट झाल्यात. ही रोज वाजतीय. तीसच्या वर नाही जमायचं.”

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. वीस हजार गेल्याचं दुःख होतंच, पण खोटं ठरल्याचा संताप त्याहून मोठा होता. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, पण त्यांना कुणी खोटारडं म्हटलं नव्हतं. त्यांनी कुमारला चांगलंच सुनावलं. घरात माणसं दोन. गिटार वाजली असती तर आपल्याला ऐकू आली नसती का?

“त्येंच्यावर आळ घेऊ नको, बाबा,” मथुराबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “ते खरंच सांगायलेत. म्या वाजवते.”

मथुराबाईंनी मग सगळं सरळ सांगून टाकलं. पार्टीच्या कार्यक्रमात बायकांमध्ये पुढं बसून त्यांनी नवऱ्याची बोटं पाठ केली होती. आधी हे ड्यूटीवर असायचे, आता रोज दहा ते बारा वाचनालयात पेपर वाचतात. तेवढा वेळ गिटार त्यांची. आवाजाचं मशीन लावल्याशिवाय ती वाजणार ती कितीशी! शेजारच्या कोंडाबाईलाही कधी कळलं नाही.

कुमारनं पिशवीतून आवाज मोठा करणारी छोटी पेटी काढली. वाद्य तपासायला तो ती बरोबर ठेवायचा. वायर जोडून त्यानं गिटार मथुराबाईंच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी एक तार छेडली आणि दचकून हात मागं घेतला. इतकी वर्षं जे वाजवलं, ते त्या पहिल्यांदाच मोठ्यानं ऐकत होत्या. मग त्या हसल्या आणि वाजवू लागल्या. चाल व्यंकटरावांचीच होती. तिच्यातली एक जागा ते आयुष्यभर चुकवत आले होते. मथुराबाईंनी ती बिनचूक घेतली. व्यंकटरावांना आधी लाज वाटली. मग इतका आनंद झाला, की चष्मा काढून पुसावा लागला.

वाजवून झालं तेव्हा कुमारनं पेटी बंद केली. नंतर खाकरून म्हणाला, “मग काका, तुम्हीच बोला. किंमत काय लावायची?”

“मला काय विचारतूस?” व्यंकटराव म्हणाले. “म्या तर हात बी लावला न्हाय. जिची हाय तिला विचार.”

कुमार मथुराबाईंकडे वळला. त्यांनी गिटार मांडीवरून हलवली नव्हती. वायरीवरून सरकत त्यांची नजर खालच्या पेटीवर जाऊन थांबली होती.

“हिचं ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “ही पेटी केवढ्याला देतूस?”